यंत्राचीही रुग्णपत्रिका हवी

काही वर्षांपूर्वी माझ्या चिकित्सालयाला जोडलेल्या छोट्या फार्मसीत सितोपलादी चूर्णाची एक बॅच तयार झाली. आठवडाभरात एका बालरुग्णाच्या आईने तक्रार केली, "डॉक्टरसाहेब, या वेळचे चाटण घशाला खरखरते." तपासणीत चाळणयंत्राची ८० नंबरची जाळी कडेला फाटलेली आढळली. तुटलेल्या तारा चूर्णात गेल्या नसतील, याची खात्री मी स्वतःलाही देऊ शकलो नाही. संपूर्ण बॅच परत मागवून नष्ट करावी लागली.

जाळी एका दिवसात फाटली नव्हती. यंत्राचा आवाज बदलल्याचे कामगाराच्या पंधरा दिवस आधीच लक्षात आले होते. परंतु ते कोणास सांगावे, कोठे लिहावे, हे त्यास कोणीच सांगितले नव्हते. दोष त्याचा नव्हे, माझा होता.

आचार्य सुश्रुतांनी संचयापासून भेदापर्यंत सहा क्रियाकाल वर्णिले आहेत. व्याधी जितक्या आधीच्या अवस्थेत ओळखावा, तितका तो सुखसाध्य. यंत्राचा बिघाडही असाच टप्प्याटप्प्याने वाढतो. बेअरिंग तापणे, पट्टा सैल होणे, गुग्गुळाच्या गोळ्या पंचला चिकटणे, गोळ्यांचे वजन कमीअधिक होणे, ही त्याची पूर्वरूपेच होत. रुग्णाची नाडी रोज पाहणारे आपण यंत्राकडे मात्र ते बंद पडल्यावरच वळतो.

२००० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत 'शेड्यूल टी' समाविष्ट झाले. प्रत्येक यंत्राची स्वच्छता, देखभाल व कार्य यांची लेखी कार्यपद्धती असावी, असे त्यात सांगितले आहे. आपल्यापैकी अनेकांकडे ती फाईल तपासणीपुरतीच उघडते, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक यंत्राजवळ एक वही ठेवावी. काम सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर जाळी, पट्टा, वंगण व आवाज यांची नोंद यंत्र चालवणाऱ्यानेच करावी. जपानमधील कारखान्यांनी १९७०च्या दशकात हाच मार्ग धरला: यंत्राची नित्य देखभाल चालकाच्या हाती दिली. यंत्र किती तास निर्वेध चालले आणि दुरुस्तीस किती तास लागले, हेही त्याच वहीत लिहावे. ९५ तास चालून ५ तास बंद राहणारे यंत्र ९५ टक्केच उपलब्ध असते. सुटा भाग कपाटात असल्याने तीच दुरुस्ती एका तासात झाली, तर उपलब्धता सुमारे ९९ टक्के होते. म्हणून जाळी, पट्टा व बेअरिंग यांचा एक जादा संच जवळ असावाच. नवे यंत्र घेतानाही केवळ किंमत न पाहता ते किती सहज उघडते, धुता येते आणि त्याचे भाग जवळपास मिळतात का, हे विचारावे.

लहान फार्मसींना स्वतंत्र तंत्रज्ञ ठेवणे परवडत नाही. आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी सामायिक तंत्रज्ञाची व्यवस्था करावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला सिद्धांत आपण रुग्णांना नित्य सांगतो. त्या मातेने विश्वासाने लेकराच्या जिभेवर ठेवलेले चाटण ज्या यंत्रातून येते, त्या यंत्रालाही तो लागू करू या.