नवी पायपेटी

दिवाळीच्या खरेदीत कपडे, भांडी आणि दागिना हे जुने मानकरी. अलीकडे त्यांच्या पंक्तीला एक नवा पाहुणा येऊन बसू लागला आहे. दोन वर्षांपूर्वी हट्टाने गिटार घेतलेले चिरंजीव किंवा कन्यारत्न यंदा 'प्रोसेसर' मागते. म्हणजे काय, असे विचारले की मोबाईलवर एक चित्र पुढे येते: चपटी पेटी, तिच्यावर चारपाच बटणे, पायाने दाबायच्या दोनतीन कळा आणि एका कडेला शिवणयंत्राला असते तसे पॅडल. किंमत काही हजारांपासून थेट लाखाच्या पुढे. वडील चष्मा पुसतात, आई 'बघू' म्हणते, आणि प्रश्न लक्ष्मीपूजनापर्यंत लांबणीवर पडतो.

या सदराचा शिरस्ता असा, की वस्तू घ्यावी की नाही हे ठरवण्याआधी ती करते काय, ते नीट समजून घ्यावे. संगीत नाटकांच्या काळी वादक मंडळींत पायपेटी असे. वादक पायाने भाता चालवी आणि हाताने सूर काढी. ही नवी पायपेटीही जमिनीवरच ठेवतात आणि पायानेच हुकूम सोडतात. पण ती स्वतः एकही सूर काढत नाही. दुसऱ्याने काढलेला सूर ती घेते, वाढवते, रंगवते आणि पुढे पाठवते.

वाद्याला अशा मदतनिसाची गरज का पडावी? मिरजेच्या सतारीला पडत नाही. तिचा भोपळाच तिचा आवाज मोठा करतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची होळी प्रसिद्ध आहे. डोक्याला मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू व वाळके भोपळे बांधून आदिवासी बांधव तिथे रात्रभर नाचतात. त्या नाचाचे मोठमोठे ढोल डोंगर घुमवतात, ते कोणत्याही तारेची मदत न घेता. पोकळ लाकडी गिटारचेही तसेच. तिचे पोट हाच तिचा ढोल. परंतु इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. तिला पोटच नाही. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते, साधारण एक दशांश व्होल्टपासून एका व्होल्टपर्यंत. अमेरिकेत १९३० नंतरच्या दोन वर्षांत ही युक्ती प्रथम मांडीवरच्या हवाईयन गिटारला जोडली गेली, आणि तेव्हापासून वाद्य एकीकडे व आवाज दुसरीकडे अशी फारकत झाली.

ही क्षीण वीज सांभाळून घेणारा पहिला कारभारी म्हणजे प्रीॲम्प. त्याचे काम समजायला चाळीतला नळ आठवावा. वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब आधीच कमी. त्यात खाली कोणी मोठा नळ सोडला की वरची धार करंगळीएवढी होते. गिटारच्या विजेचे असेच आहे. पुढचे यंत्र अधाशीपणे वीज ओढू लागले की गिटारचे तेज जाते, आणि आधी जातात ते वरचे, चमकदार स्वर. म्हणून गिटारसाठी केलेल्या यंत्राचा प्रवेशरोध सुमारे दहा लाख ओहम ठेवतात. ते जवळजवळ काही ओढतच नाही, नुसते ऐकते. घरातल्या साध्या टेपडेक-स्टिरिओचा रोध त्या मानाने फार कमी, आणि तिथे गिटार जोडली की ती सर्दी झाल्यासारखी वाजते. ऐकून घेतल्यावर प्रीॲम्प आवाज वाढवतो आणि खर्ज, मध्य व तार यांचे प्रमाण जुळवतो. एवढे नीट झाले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे म्हणजे 'इफेक्ट्स'. नावे परकी आहेत, पण कल्पना आपल्याला अनोळखी नाहीत. गाभाऱ्यात म्हटलेला ओंकार भरून राहतो, तो 'रिव्हर्ब'. माथेरानच्या एको पॉइंटवर मारलेली हाक परत येते, ती 'डिले'. समूहगानात वीस गळे एकच स्वर लावतात, पण केसभर मागेपुढे. त्याचे अनुकरण म्हणजे 'कोरस'. आणि ज्याच्या नावाने वडीलमंडळी कानांवर हात ठेवतात ते 'डिस्टॉर्शन' तर तानपुऱ्याच्या जवारीचे दूरचे नातलग आहे. जवारीत घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की मूळ स्वरातून अनेक उपस्वर फुलतात. इथे वीजच दाबून, तिच्या लाटांची टोके कापून उपस्वर काढतात. या प्रकाराला पहिले गिऱ्हाईक मिळवून दिले ते एका बिघाडाने. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्राचा एक भाग बिघडला आणि गिटारचा स्वर खरखरीत उमटला. लोकांना तोच आवडला, आणि १९६२ मध्ये असा आवाज मुद्दाम काढणारी पेटी बाजारात आली. पुढे प्रत्येक परिणामाची वेगळी पेटी निघाली, आणि संगणकाची चकती स्वस्त झाल्यावर त्या साऱ्या एकाच पेटीत नांदू लागल्या.

आता निवडीकडे वळू. दुकानदार पहिल्यांदा आकडा सांगेल: दोनशे आवाज, तीनशे आवाज. हा आकडा ऐकून हुरळू नये. घरात मसाल्यांचे चाळीस डबे असले तरी रोजच्या आमटीला चारच उघडतात. त्याऐवजी आपण काही प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न घरच्या गिटारविषयी. ती भरीव असेल तर वर सांगितलेली सगळी पेटी तिच्या कामाची. पोकळ असून तिच्या पोटात पीझो बसवलेला असेल, तर तिला ढीगभर कृत्रिम ॲम्प नकोत. चांगला प्रीॲम्प, स्वरांचे प्रमाण जुळवण्याची सोय, थोडा रिव्हर्ब आणि शिट्टी मारू लागणाऱ्या आवाजाला आवर घालणारी कळ पुरे. पुष्कळ पोकळ गिटारींच्या कडेला नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प आधीच असतो. तो तपासल्याशिवाय दुसरा विकत घेऊ नये. आणि गिटारला वायर जोडण्याची जागाच नसेल, तर पेटीला ऐकू काय येणार? आधी तो प्रश्न सोडवावा.

दुसरा प्रश्न, ऐकणार कशातून? सदनिकेत राहणाऱ्याला बहुधा हेडफोनच वापरावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि शेजाऱ्यांची मर्यादा त्याहूनही कमी असते. हेडफोनवर वाजवायचे तर पेटीत 'कॅबिनेट'ची नक्कल हवीच. गिटारचा खरा स्पीकर फार वरचे, कर्कश स्वर गाळून टाकतो. हेडफोन गाळत नाही. ही नक्कल नसेल तर डिस्टॉर्शन कानाशी डास गुणगुणल्यासारखे वाजते आणि मूल आठ दिवसांत पेटी कपाटावर ठेवते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: या पेटीतून वाजवणाऱ्याचा हात ऐकू येतो का? त्याची परीक्षा दुकानातच घेता येते आणि तिला संगीताचे शिक्षण लागत नाही. आपली स्वतःची गिटार न्यावी. आधी पेटीतले सारे परिणाम बंद करायला सांगावेत आणि साधा स्वर ऐकावा. मग थोडे डिस्टॉर्शन चढवून एकच तार एकदा हळू, एकदा जोरात छेडावी. हळू छेडल्यावर स्वर निवळ आणि जोरात छेडल्यावर तिखट होत असेल तर प्रीॲम्प जिवंत आहे. दोन्ही वेळा सारखेच गुरगुरत असेल, तर पेटी वाजते आहे, मूल नव्हे. तार छेडणे आणि ऐकू येणे यांत अंतर पडते का, तेही बघावे. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेतीन मीटरवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज यायला लागतो तेवढा वेळ, तो चालतो. त्याहून बराच जास्त असेल तर ताल चुकू लागतो आणि बोलणी मुलाला बसतात.

चौथ्या प्रश्नाला मी मणिबेलीची कसोटी म्हणतो. काठीच्या होळीचा उल्लेख वर आला. त्याच अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठी, सातपुड्याच्या डोंगरांत मणिबेली आहे. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याची झळ लागलेल्या महाराष्ट्रातील ३३ गावांत हे पहिले. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणे थांबवावे, अशी मागणी करणाऱ्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याला याच गावाचे नाव दिलेले आहे. आता असे समजा, की आपली कन्या शिक्षण संपवून अशा एखाद्या गावी शाळेत शिकवायला गेली आणि गिटार बरोबर घेऊन गेली. तिथे पेटी दुरुस्त करणारा कारागीर शोधून मिळणार नाही. इंटरनेट मनासारखे मिळेलच असे नाही. तर मग ही पेटी तिथे वाजेल काय?

हा प्रश्न शहरातल्या घरालाही तितकाच लागू आहे. कित्येक नव्या पेट्यांतले आवाज मोबाईलवरच्या ॲपशिवाय बदलताच येत नाहीत. कंपनीने चार वर्षांनी ते ॲप बंद केले, की धडधाकट पेटी अर्धांगवायू झाल्यासारखी पडून राहते. म्हणून महत्त्वाच्या गोष्टी पेटीवरच्याच बटणांनी, हाताने बदलता आल्या पाहिजेत. बटणे जितकी मोजकी आणि उघड, तितके चांगले. काही पेट्या चार पेन्सिल सेलवरही चालतात. भारनियमनाची आठवण असलेल्या कोणत्याही कुटुंबाला या सोयीची किंमत सांगायला नको.

विजेचा विषय निघाला म्हणून थोडे व्यवहाराचे. गिटारच्या पेट्यांना बहुधा नऊ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि त्याच्या पिनीत आतले टोक उणे असते. घरातल्या इतर बऱ्याच अडॅप्टरांत ते अधिक असते. पिन बसते म्हणून भलताच अडॅप्टर लावला तर पेटी कायमची गप्प होऊ शकते. जुन्या इमारतींत अर्थिंग नीट नसेल तर गिटार भुंग्यासारखी घुमत राहते; तेव्हा पेटीला दोष देण्यापूर्वी वायरमनला बोलवावे. खर्च म्हणाल तर नऊ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर म्हणजे साडेचार वॅट. रोज दोन तास वाजवले तरी महिन्याला पाव युनिटाच्या आसपास. बिलात ते दिसणारही नाही. तरीही एक गोष्ट मुलांना सांगून ठेवावी. सरदार सरोवराच्या वीजकेंद्रांची क्षमता १४५० मेगावॉट आहे आणि नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याप्रमाणे त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. भिंतीतल्या प्लगमागे कुठेतरी एक नदी असते आणि तिच्या काठची घरे असतात, हे ठाऊक असलेल्या मुलाच्या हातून खोलीतला दिवा उगाच जळत राहत नाही.

पाचवा प्रश्न अभ्यासाचा. पेटीत तारा जुळवून देणारा ट्यूनर आणि तालासाठी मेट्रोनोम असावा. 'लूपर' असेल तर फारच उत्तम. त्यात चार मात्रांची साथ वाजवून ठेवली की ती फिरत राहते आणि मूल तिच्यावर धून वाजवते. आपली साथ कुठे धावली आणि कुठे रेंगाळली हे त्याला आपोआप कळते. गुरुजी आठवड्यातून एकदा येतात. हा साथीदार रोज हजर असतो आणि रागावत नाही.

यावर कोणी विचारील, की पेटी घेतलीच नाही तर? मुळीच बिघडत नाही. १९६७ साली एचएमव्हीचे जी. एन. जोशी यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तीत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आहे. तिला रागसंगीतात मान मिळाला तो मींडेने, पायाखालच्या कळांनी नव्हे. ज्या मुलाच्या गिटारच्या तारा सहा महिन्यांत बदललेल्या नाहीत, त्याला आधी तारांचा नवा संच आणून द्यावा. त्यातही तो रोज बसू लागला, तर पेटीचा विचार जरूर करावा; आणि तिची किंमत गिटारच्या किमतीपलीकडे सहसा जाऊ देऊ नये.

शेवटी एक अट, ती मात्र पेटीला नाही, आपल्याला आहे. ढोल वाजला की गाव गोळा होतो. हेडफोन लावला की मूल एकटे होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला अभ्यास संपल्यावर तासभर असे एकटेपण हवेही असते, आणि ते तिला खुशाल द्यावे. पण महिनोन्‌महिने ती काय वाजवते हे घरात कुणालाच ठाऊक नसेल, तर पैसे खर्चून आपण मौन विकत आणले असे होईल. तेव्हा ज्या पेटीला बाहेरचा स्पीकरही जोडता येतो अशीच घ्यावी. आणि रविवारी जेवणे आटोपली की हेडफोन काढायला लावून सर्वांनी समोर बसावे. दहा मिनिटे पुरतात. त्या वेळी मोबाईल पालथे ठेवावेत, मध्येच भाजीच्या भावाचा विषय काढू नये, आणि आजींना डिस्टॉर्शन सोसवत नसेल तर तेवढी एक कळ बंद करून घ्यावी.