थर्मासातला मेंढा

नांदूरशिंगोट्याजवळच्या धनगरांच्या वाड्यावर कृत्रिम रेतनासाठी थर्मास घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा चूक माझीच झाली. सकाळी मेंढ्याचं वीर्य काढलं, अंड्याच्या बलकाच्या द्रावणात पातळ केलं आणि घाईत नळी थेट बर्फाला टेकवली. निघताना सूक्ष्मदर्शकाखाली वावटळ उठल्यासारख्या लाटा होत्या. वाड्यावर पाहिलं, तर शेपट्या वळलेले शुक्राणू जागच्या जागी. आप्पा धनगर म्हणाले, "डागदर, मेंढा झोपला का काय?"

मेंढ्याच्या शुक्राणूचं आवरण फार नाजूक. एकदम गार झालं की त्यातली चरबी थंडीतल्या तुपासारखी आळते आणि आवरण फुटतं. म्हणून दीड-दोन तास घेऊन हळूहळू पाच अंशांपर्यंत उतरवायचं. एवढं सांभाळूनही घड्याळ थांबत नाही. प्राणवायू त्या चरबीला खवट करत राहतो. गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी शुक्राणू बऱ्यापैकी पोहताना दिसतात, पण मेंढी गाभण राहण्याची शक्यता त्याआधीच घसरलेली असते. सूक्ष्मदर्शक इथे थोडं खोटं बोलतो.

मग गाईसारखी गोठवलेल्या वीर्याची कांडी का नाही? कारण मेंढीच्या गर्भाशयाचं तोंड वळणावळणाचं. नळी आत जात नाही. गोठवून अर्धमेले झालेले शुक्राणू ती वाट चालून जात नाहीत. दुर्बिणीने पोटातून रेतन करता येतं, पण ते माळरानावर रोज कोण करणार?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणला. तो आमच्या वाड्यांवर पोचवायचा, तर लांबच्या शहरात वीर्य काढून दिवसभर एसटीत हिंदकळवून चालणार नाही. सिन्नर, येवला, नांदगाव इथे तालुक्याला चार-पाच निवडक मेंढे सांभाळा. एका वेळच्या जेमतेम मिलिलिटरभर वीर्यात दहा-पंधरा मेंढ्या भरता येतात. पहाटे काढा, दुपारच्या आत वाड्यावर पोचवा. तेही पावसाळ्यात, कळप घाटावर असताना. नंतर तो कोकणात उतरला की तुमचा थर्मास कोणामागे धावणार?

आणि नोंदवहीतला 'हालचाल टक्के' हा रकाना खुशाल ठेवा, पण शेजारी अजून एक आखा: पाच महिन्यांनी कोकरं किती? आप्पांनी त्या वर्षी तेवढंच विचारलं होतं.