पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

इंदापूर तालुक्यातील कळंब हे गाव वालचंदनगरला अगदी लागून आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात येथे साखर कारखाना उभारला आणि नीरेकाठच्या माळाला यंत्रांचा आवाज परिचयाचा झाला. पुढे याच वालचंदनगरात इस्रोच्या अग्निबाणांसाठी लागणारे अवजड सुटे भाग घडू लागले. त्याच परिसरातील महाविद्यालयीन तरुण पदार्थविज्ञानाचे एक प्रकरण स्वतःच्या बळावर वाचून समजून घेऊ शकतो काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

लासुर्णे, रणगाव, निमसाखर अशा गावांतून एस.टी.ने वा दुचाकीने महाविद्यालय गाठणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येक जण घरातील पहिलेच पदवीधर होणार असतात. बुद्धीत ती कुठेही उणी नाहीत. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीत एकदम इंग्रजी ग्रंथासमोर बसतो आणि तो ग्रंथ कसा वाचावा हे त्याला कोणीच शिकवीत नाही. अक्षरओळख झाली म्हणजे वाचन आले, असे शाळेने गृहीत धरलेले असते; शाळेने ते शिकवलेच असणार, असे महाविद्यालय मानते. मधल्या पोकळीत ‘अपेक्षित प्रश्नसंच’ शिरतो. परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात तो विकत घ्यायचा, उत्तरे घोकायची आणि निकालानंतर रद्दीत द्यायचा, हा क्रम आता इतका रूढ झाला आहे की पालकांनाही त्यात वावगे वाटत नाही.

या सवयीची किंमत केव्हा मोजावी लागते, ते 2023 च्या आरंभी पुण्यात दिसले. 2012 पासून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका वस्तुनिष्ठ होत्या. आयोगाने त्या पुन्हा वर्णनात्मक करण्याचे ठरविले आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. वर्षानुवर्षे एका पद्धतीने तयारी केलेल्यांना पुरेसा अवधी हवा, ही मागणी न्याय्यच होती. आयोगानेही ती मान्य करून बदल 2025 पर्यंत लांबविला. पण त्या संतापाच्या तळाशी एक भीतीही होती. चार पर्यायांतून एक निवडणे वेगळे आणि कोऱ्या कागदावर आपले म्हणणे मांडणे वेगळे. दुसरे ज्याला जमत नाही, त्याने वाचलेले त्याचे झालेलेच नसते.

येथे एका प्रयोगाचा उल्लेख उपयुक्त ठरेल. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, कागद बाजूला ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनंतर दोनदा वाचणारे पुढे होते : 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. दोनदा वाचणाऱ्यांना 42 टक्के, तर लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के आठवले. पुनःपुन्हा वाचल्याने ‘येते’ असे वाटते. प्रत्यक्षात ते ओळखीचे झालेले असते, इतकेच. रात्रभर जागून, रंगीत पेनांनी पानेच्या पाने रंगविणाऱ्यांनी हे आकडे अवश्य पाहावेत.

आपल्या परंपरेला हे अनोळखी नाही. श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन, हा क्रम उपनिषदांनी सांगितला. वेदपाठी ब्रह्मचाऱ्याला पद, क्रम, जटा, घन अशा पाठांतून तोच मंत्र पोथीविना निरनिराळ्या रचनांत म्हणावा लागे. ती केवळ घोकंपट्टी होती असे म्हणणाऱ्यांनी घनपाठ एकदा ऐकावा. अर्थात पाठांतराचा अभिमान बाळगून मनन सोडून देणे, हा दोषही आपलाच आहे, हे मान्य केले पाहिजे. न्यायमूर्ती रानडे यांची दृष्टी अधू होती. इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन ते ऐकत. डोळ्यांनी पान चाळण्याचा मार्ग आखडला असतानाही त्यांची विद्वत्ता थांबली नाही, कारण ऐकलेले मनात घोळवून त्यावर विचार करण्याची शिस्त होती.

पद्धत अवघड नाही. फ्रान्सिस रॉबिन्सन या प्राध्यापकाने 1946 मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली पाच पावले आजही पुरतात. प्रकरणाचे मथळे, आकृत्या आणि शेवटचा सारांश आधी चाळावा. मथळ्यांचेच प्रश्न करावेत. त्यांची उत्तरे शोधीत वाचावे. पुस्तक मिटून उत्तर आपल्या शब्दांत सांगावे. दोन दिवसांनी, मग आठवड्याने उजळणी करावी. यांतील चौथे पाऊलच सर्वाधिक टाळले जाते, कारण तेथे आपले अज्ञान उघडे पडते. घरात आई अशिक्षित असली तरी तिला धडा समजावून सांगता येतो, किंबहुना तिला सांगणेच अधिक कसोटीचे. मराठीत समजून घेऊन मग इंग्रजी संज्ञा आत्मसात करण्यात कमीपणा कसला? ज्या भ्रमणध्वनीला आपण सारे दोष देतो, त्यावरच मराठी विश्वकोश आणि शासनाचे परिभाषा कोश विनामूल्य उपलब्ध आहेत.

शिक्षकांच्या वाट्यालाही काही येते. प्रथम वर्षाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकाने एकच तास ‘माझ्या विषयाचे पुस्तक असे वाचा’ यासाठी दिला, तरी वर्षाचा बराचसा शीण वाचेल. डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी, 15 ऑक्टोबरला, 2015 पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. फलक लागतात, पुस्तकांचे पूजन होते, छायाचित्रे निघतात. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी अर्धा तास वाचून, पुस्तक मिटून, एक पान लिहावे आणि प्राध्यापकांनीही त्यांच्यासोबत बसून लिहावे. येणाऱ्या 15 ऑक्टोबरला कळंबच्या परिसरात हे सहज करता येईल. त्यासाठी कोऱ्या कागदांखेरीज कोणताही खर्च नाही.