हॅलो, माझा आवाज येतोय का?

घरून कॉल घेणाऱ्या मंडळींचा राष्ट्रीय प्रश्न कोणता? वरचाच! आणि त्यावर बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं: मोठा प्लॅन घ्या.

थांबा, पैसे वाचवा. इंटरनेट फोनच्या जुन्याजाणत्या जी ७११ पद्धतीत आवाजाला ६४ केबीपीएस लागतात, सगळं धरून १०० च्या आत. तुमच्या ब्रॉडबँडला हे म्हणजे किस झाड की पत्ती!

माझी एक मैत्रीण पुण्यात घरून अमेरिकन ग्राहकांचे कॉल घेते. फोन वाजायचा, ग्राहकाला हिचं 'हॅलो' ऐकू जायचं, हिच्या कानात मात्र शांतता. गोष्ट थेट अप्रेझलपर्यंत गेली. प्लॅन दुप्पट केला, तरी शांतता तशीच. मग आम्ही राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलो. व्हिलन तिथेच होता.

त्याचं असं आहे. घरातल्या फोनला राउटर १९२.१६८.१.५ असा काहीतरी पत्ता देतो. हा नुसता फ्लॅट नंबर, लाखो घरांत तोच. बाहेर जाणाऱ्या पाकिटावर राउटर सोसायटीचा पत्ता टाकतो, पण आतल्या चिठ्ठीत फोनने 'आवाज फ्लॅट पाचला पाठवा' एवढंच लिहिलेलं. मग आवाज पोचणार कसा? काही राउटर आगाऊपणे चिठ्ठीही दुरुस्त करायला जातात. या सोयीचं नाव 'सिप एएलजी', आणि ती बऱ्याचदा घोळच घालते. मैत्रिणीच्या राउटरवरची ती एक टिक काढली, राउटर रीस्टार्ट केला, आणि ग्राहक ऐकू आला. चिडलेला होता, पण ऐकू आला!

तेवढ्यानं भागलं नाही तर?

* फोनमध्ये 'स्टन' सुरू करा. २००३ पासूनची ही युक्ती. फोन बाहेरच्या सर्व्हरला विचारतो, 'मी तुला कुठल्या पत्त्यावर दिसतोय?' आणि चिठ्ठीत तोच लिहितो.
* थोड्या वेळानं इनकमिंग बंद पडतं? 'कीप-अलाइव्ह' ३० सेकंदांवर ठेवा. गप्प बसलात की राउटर तुम्हाला विसरतो.
* कंपनीचा मोडेम आणि तुमचा राउटर, असे दोन वॉचमन नकोत. मोडेम 'ब्रिज मोड'वर टाका.
* राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होतो? मग पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादी लागू नका. तिथे अनेक घरं एकाच पत्त्यामागे असतात. कंपनीकडे पब्लिक आयपी मागा.

एवढं करूनही बोंब असेल, तर खुशाल कस्टमर केअरला फोन लावा. शक्यतो साध्या मोबाइलवरून!