मूळव्याधीच्या नावाखाली

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही कोल्हापूरची गुळाची पेठ. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले; पण स्टेशन आणि एस. टी. स्टँडच्या आधाराने पोट भरणारी माणसे इथे आजही आहेत. हमाल, रिक्षावाले, लॉज-हॉटेलांतले कामगार, कुंभार गल्लीतले कारागीर. यांपैकी कुणाला शौचावाटे रक्त पडू लागले तर तो काय करतो? ‘उष्णता झाली असेल’ किंवा ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून भिंतीवरच्या जाहिरातीतले औषध आणतो आणि दुखणे अंगावर काढतो. बायका तर नवऱ्याजवळही बोलत नाहीत.

बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, हे खरे. परंतु मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोगही असाच रक्ताने खुणावतो. तपासल्याशिवाय दोहोंतला फरक कळत नाही आणि मग रोग रेड्याला, औषध पखालीला अशी गत होते. हा रोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो. पण मुंबईच्या टाटा रुग्णालयाने आपल्या आठशे रुग्णांची पाहणी केली, तेव्हा त्यांचे सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास निघाले. म्हणजे ऐन कमावते वय!

आतड्यातल्या लहानशा गाठीचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. एवढा अवधी मिळूनही माणसे उशिरा का येतात? शाहूपुरीतून सी. पी. आर. रुग्णालय रिक्षाने काही मिनिटांवर आहे. आडवा येतो तो बुडणारा रोज, रांग आणि लाज. चंदगडच्या शेतमजुराला तर यांशिवाय शंभरेक किलोमीटरचा प्रवास. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगावर उपचार होतात, पण उपचाराची वेळ निदानानंतर येते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या तपासणी आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत. आतडे त्यात नाही.

वाट मात्र महाराष्ट्रानेच दाखवली आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दहावी शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन गर्भाशयमुखाची तपासणी करवली गेली. या कर्करोगाने होणारे मृत्यू एकतीस टक्क्यांनी घटले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रियांची पाहणी झाली. २००९ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. दोन्हीकडे तपासणी दारापर्यंत गेली आणि दोष आढळलेल्या बाईला पुढे उपचारापर्यंत नेले गेले.

आतड्याच्या बाबतीत हेच करता येईल. सरसकट सगळ्यांची दुर्बिणीतून तपासणी करणे आपल्याला झेपणारे नाही, त्याची गरजही नाही. रक्त पडते, शौचाची सवय बदलली आहे, वजन किंवा हिमोग्लोबिन कारण नसता उतरले आहे, किंवा घरात कुणाला हा रोग झाला आहे, अशांना आधी निवडावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने मूळव्याधीचे औषध लिहिण्याआधी बोटाने तपासावे. मिनिटभराचे काम आहे आणि गुदाशयातल्या कित्येक गाठी बोटाला लागतात. ज्यांना काहीच त्रास नाही, पण वय किंवा घराण्याचा इतिहास पाहता डॉक्टरांना शंका वाटते, त्यांना शौचाच्या नमुन्यातले न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी घरबसल्या करता येते. रक्त डोळ्यांना दिसत असेल तर मात्र या चाचणीवर विसंबू नये, थेट डॉक्टर गाठावा.

आणि पुढची दुर्बीण तपासणी? तिची तारीख, तिचा खर्च, सोबत जाणारी आशाताई हे सारे आधी ठरलेले हवे. अमेरिकेच्या डेलावेअर राज्याने रुग्णाला हाताशी धरून नेणाऱ्या परिचारिका नेमल्या आणि काही वर्षांतच गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांतील तपासणीची तफावत मिटवली. हे न करता नुसत्या चाचण्या वाटणे म्हणजे माणसाला घोर लावून वाऱ्यावर सोडणे होय.

सरकारने करायचे ते सरकारकडून मागून घ्यावेच लागेल. घरातले काम आपले आहे. वडील, सासूबाई, कामाला येणाऱ्या मावशी यांना एकदा विचारा. लाजेपायी गेलेले वर्ष कोणत्याही योजनेतून परत मिळत नाही.