दिवा पेटला म्हणून पंप बदलू नका



आपल्या समाजातील कितीतरी बांधव टॅक्सी, टेम्पो चालवून संसार चालवतात. गाडी एक दिवस उभी राहिली की कमाई बुडते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आज आम्ही इंजिनच्या पिवळ्या दिव्याविषयी लिहीत आहोत.

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्या बीएस-६ प्रमाणाच्या आहेत. त्यांच्या इंजिनाचा कारभार एक छोटा संगणक पाहतो. त्याला ईसीएम म्हणतात. बिघाड जाणवला की तो दिवा पेटवतो आणि कोड नोंदवतो. गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून तो वाचतो. फसगत होते ती इथेच. कोड ही तक्रार आहे, निकाल नव्हे.

पेट्रोल गाडीत 'पी ०२३०' आला की "पंप गेला" असे सांगितले जाते. वास्तविक, पंपाला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढेच हा कोड सांगतो. तो फ्यूज, रिले, वायर किंवा अर्थिंग यांपैकी कशातही असू शकतो. चावी फिरवल्यावर टाकीकडून एक-दोन सेकंद घुंईऽ असा आवाज येतो का, ते ऐका. नसेल तर आधी फ्यूज पाहा, मग तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहा.

'पी ००८७' म्हणजे इंधनाचा दाब कमी. फिल्टर तुंबला तरी हा कोड येतो. गेजने दाब मोजल्याशिवाय पंप बदलू देऊ नका. पेट्रोलची नळी मात्र घरी उघडू नका. आगीचा धोका असतो.

'पी ०६०६' हा ईसीएमच्या आतल्या बिघाडाचा कोड. हा भाग फार महाग. म्हणून आधी बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. अर्थिंग तपासा, कनेक्टरमध्ये पावसाचे पाणी शिरले का ते पाहा. कोड वहीत लिहून घ्या, मग पुसून गाडी चालवून पाहा. पुन्हा आला तरच खर्चाचा विचार करा.

सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नये. पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांचा कालामांना उपदेश होता. कारणाशिवाय कार्य घडत नाही. लिंबू-मिरची बांधून जळलेला फ्यूज जोडला जात नाही. गॅरेजात राबणाऱ्या आमच्या तरुणांनी मल्टिमीटर हाती धरावा. स्वतःची भाकरी मिळेल आणि दुसऱ्याचीही वाचेल.