दोन वर्षांची चाचणी, वीस वर्षांचा धोका: रसायन 'सुरक्षित' ठरतं ते नेमकं कसं?

जून २०२५ मध्ये इटलीतल्या व्हिचेन्झा इथल्या न्यायालयाने मिटेनी या रसायन कारखान्याशी संबंधित ११ वरिष्ठ अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. ट्रिसिनो गावातल्या या कारखान्यातून 'पीफास' गटातली रसायनं वर्षानुवर्षं जमिनीत आणि भूजलात मुरत गेली. जवळपास साडेतीन लाख लोक राहतात त्या भागातलं पाणी दूषित झालं. २०१३ मध्ये हे उघड झालं आणि २०१८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

ही बातमी आपल्यासाठी लांबची नाही. २०१९ मध्ये या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने लिलावात विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत आली. यंत्रं आली म्हणजे प्रदूषणही आलंच, असं म्हणता येत नाही. यंत्र कसं चालवलं जातं, सांडपाण्याचं काय होतं, यावर ते ठरतं. पण त्यामुळे एक मूलभूत प्रश्न आपल्या दारात आला आहे: एखादं रसायन वीस-तीस वर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर काय होईल, हे आधीच कसं कळतं? आणि भारतात हा प्रश्न कारखानदाराला कुणी विचारतं का?

लगेच मारणारं विष आणि हळूहळू भिनणारं विष

विषारीपणा मोजायच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत.

पहिली तीव्र विषारीपणाची. प्राण्याला एकदाच डोस द्यायचा आणि साधारण दोन आठवडे बघायचं. किती डोसला निम्मे प्राणी मरतात, तो आकडा म्हणजे एलडी-५०. चाचणी स्वस्त, उत्तर झटपट.

दुसरी दीर्घकालीन विषारीपणाची. इथे रोज थोडा डोस द्यायचा, महिनोन् महिने. ओईसीडी या संघटनेने यासाठी ठरवून दिलेल्या पद्धती जगभर वापरल्या जातात. ९० दिवसांची चाचणी, १२ महिन्यांची चाचणी आणि सगळ्यात मोठी कर्करोगाची चाचणी. ही शेवटची चाचणी मोठ्या जातीच्या उंदरांवर २४ महिने चालते, म्हणजे त्यांचं जवळजवळ अख्खं आयुष्य. प्रत्येक गटात किमान ५० नर आणि ५० माद्या. तीन वेगवेगळे डोस आणि एक बिनडोसाचा गट धरला की झाले ४०० प्राणी. चाचणी संपल्यावर त्यांच्या अवयवांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. खर्च कोट्यवधींत जातो.

याशिवाय पुढच्या पिढीवर होणारा परिणाम बघणाऱ्या चाचण्या असतात. पर्यावरणासाठी वेगळ्या. उदाहरणार्थ डॅफ्निया या गोड्या पाण्यातल्या इवल्याशा जीवाला २१ दिवस रसायनात ठेवून त्याला पिल्लं किती होतात ते मोजतात.

सायनाइडसारखं विष पहिल्या चाचणीत लगेच पकडलं जातं. पीफाससारखं रसायन मात्र त्या चाचणीतून फारसा गाजावाजा न होता सुटतं. ते लगेच मारत नाही, ते साठत जातं.

५० उंदरांत दिसलं नाही म्हणजे नाहीच?

समजा ५० उंदरांच्या गटात एकालाही गाठ झाली नाही. याचा अर्थ धोका शून्य, असा होत नाही. साधं संख्याशास्त्र सांगतं की ५० पैकी शून्य आलं तरी खरा धोका ६ टक्क्यांपर्यंत असू शकतो. उंदरांच्या पिंजऱ्यात हा आकडा नगण्य वाटेल. पण एक लाख वस्तीच्या तालुक्यात ६ टक्के म्हणजे ६,००० माणसं.

म्हणून चाचणीत डोस मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे परिणाम व्हायचाच असेल तर तो दिसावा. मग ज्या डोसला काहीच वाईट दिसलं नाही, त्याला साधारणपणे १०० ने भागतात. उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी १० पट सूट, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी १० पट. १९५४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू या शास्त्रज्ञांनी मांडलेला हा हिशोब थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. बहुतेक रसायनांसाठी तो बरा चालतो. पण पीफासच्या बाबतीत तो कोलमडला.

उंदीर विसरतो, माणूस साठवतो

पीफास गटातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं रसायन म्हणजे पीएफओए. टेफ्लॉन बनवण्याच्या प्रक्रियेत ते वापरलं जायचं. अमेरिकेतल्या पार्कर्सबर्गच्या ड्यूपाँट कारखान्यात १९५१ पासून.

शरीरात गेलेलं पीएफओए निम्मं व्हायला किती वेळ लागतो ते बघा:

- मोठ्या उंदराची मादी: काही तास
- त्याच जातीचा नर: काही दिवस
- माणूस: साधारण दोन ते चार वर्षं

म्हणजे उंदराला आणि माणसाला वजनाच्या प्रमाणात रोज तेवढाच डोस मिळाला, तरी माणसाच्या रक्तात साठणारं प्रमाण नर उंदराच्या शेकडो पट होऊ शकतं. मादीशी तुलना केली तर फरक आणखी किती तरी मोठा. फरकासाठी ठेवलेली १० पट सूट इथे कुठे पुरणार? चाचणीत लबाडी नव्हती, आकडेही खरे होते. पण उंदराचं मूत्रपिंड जे काम तासाभरात उरकतं ते आपलं मूत्रपिंड करत नाही, हे त्या आकड्यांत दिसत नव्हतं.

'सुरक्षित' आकडा किती घसरला?

युरोपची अन्न सुरक्षा संस्था एफ्साने २००८ मध्ये पीएफओएची सुरक्षित मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १,५०० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हा आकडा उंदरांच्या यकृतावरच्या परिणामांवरून काढला होता.

२०२० मध्ये त्याच संस्थेने नवी मर्यादा दिली: दर किलोमागे आठवड्याला ४.४ नॅनोग्रॅम, आणि तीही पीएफओएसह चार पीफासची मिळून.

६० किलोच्या माणसाचा हिशोब करा. २००८ च्या मर्यादेनुसार आठवड्याला ६,३०,००० नॅनोग्रॅम चालत होतं. २०२० मध्ये ते २६४ वर आलं. बारा वर्षांत दोन हजार पटींहून जास्त घट.

रेणू तोच होता. बदलला तो विचारलेला प्रश्न. नव्या मर्यादेचा आधार होता जर्मनीतल्या एक वर्षाच्या बाळांच्या रक्ताचा अभ्यास. ज्या बाळांच्या रक्तात पीफास जास्त, त्यांच्या शरीरात लसीनंतर तयार होणारी प्रतिपिंडं कमी आढळली. (यावरून स्तनपान थांबवू नका. त्याचे फायदे मोठे आहेत आणि आरोग्य संस्थांचा सल्ला बदललेला नाही.) 'गाठ होते का?' याऐवजी 'लस नीट लागू होते का?' हे विचारल्यावर उत्तरच वेगळं आलं.

मोठी चाचणी झाली, पण माणसांवर

पार्कर्सबर्गच्या परिसरातल्या लोकांनी ड्यूपाँटवर खटला भरला. तडजोडीतून २००५-०६ मध्ये सुमारे ६९,००० लोकांचे रक्तनमुने आणि आरोग्याची माहिती गोळा झाली. तीन साथरोगतज्ज्ञांच्या मंडळाने २०१२ पर्यंत निष्कर्ष दिले. पीएफओएचा सहा विकारांशी संबंध असण्याची शक्यता जास्त आहे, असं त्यांनी म्हटलं: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा एक दाहक आजार, गरोदरपणातला उच्च रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल. २०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला 'मानवात कर्करोगकारक' या पहिल्या गटात टाकलं.

१९५१ ते २०१२ म्हणजे एकसष्ट वर्षं. दरम्यान कंपनीने हाती असलेली धोक्याची माहिती कळवली नाही, म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेशी झालेल्या तडजोडीत २००५ मध्ये ड्यूपाँटला १.६५ कोटी डॉलर मोजावे लागले. शिवाय अमेरिकेत १९७६ चा रसायन कायदा आला तेव्हा बाजारात आधीच असलेली सुमारे ६२,००० रसायनं नव्या तपासणीशिवाय तशीच राहू दिली गेली होती. त्यात पीएफओएही होतं.

मग चाचणी कोण करतं आणि तिच्यावर विश्वास का ठेवायचा?

खर्च सहसा कंपनीच करते. त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या 'इंडस्ट्रियल बायो-टेस्ट' या मोठ्या प्रयोगशाळेत मेलेले प्राणी नोंदवहीत पुन्हा जिवंत होत असल्याचं तपासणीत आढळलं. १९८३ मध्ये तिच्या तीन अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं गेलं. याच प्रकरणातून जीएलपी, म्हणजे प्रयोगशाळांनी पाळायची शिस्त, जन्माला आली. कोणी, कधी, काय मोजलं याची प्रत्येक नोंद तपासता आली पाहिजे, हा तिचा गाभा.

भारत २०११ पासून या व्यवस्थेचा पूर्ण सदस्य आहे. आपल्या जीएलपी प्रयोगशाळांचे निकाल युरोप-अमेरिकेत चालतात. म्हणजे दीर्घकालीन चाचण्या करण्याचं तंत्र आणि माणसं आपल्याकडे आहेत.

भारतात कायदा काय विचारतो?

कीटकनाशकं आणि औषधांसाठी नोंदणी लागते आणि त्यात दीर्घकालीन माहिती मागितली जाते. अडचण आहे ती औद्योगिक रसायनांची.

भोपाळनंतर पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये धोकादायक रसायनांचे नियम. त्यात विषारी रसायन ओळखायचे निकष बघा: एलडी-५० किती, हवेतून गेल्यास किती मारक, पेट घेतं का, स्फोट होतो का. भोपाळच्या रात्रीनंतर हेच प्रश्न सुचणं स्वाभाविक होतं. पण ते सगळे अपघाताचे प्रश्न आहेत. वीस वर्षं विहिरीत झिरपणाऱ्या रसायनाला ते लागूच पडत नाहीत.

युरोपात २००७ पासून 'रीच' कायदा आहे. त्याचं सूत्र सरळ आहे: माहिती नाही, तर बाजारही नाही. उत्पादन जितकं जास्त, तितक्या मोठ्या चाचण्या. वर्षाला १०० टनांच्या पुढे गेलात की साधारणपणे ९० दिवसांच्या चाचणीची माहिती लागते. भारतात असाच नियमांचा मसुदा २०२० पासून चर्चेत आहे, पण तो लागू झालेला नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकातही पीफाससाठी मर्यादा नाही. अमेरिकेत पीएफओएची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम आहे, जरी ती पाळायची मुदत आता २०३१ पर्यंत वाढवायचं ठरलं असलं तरी.

थोडक्यात, आपल्या प्रयोगशाळा परदेशी नोंदणीसाठी जी चाचणी करून देऊ शकतात, ती घरच्या कारखान्याकडून मागायला आपल्याकडे कायदाच नाही.

प्राण्यांशिवाय होणार नाही का?

त्वचेची जळजळ किंवा जनुकांना होणारी इजा तपासायला पेशींवरच्या चाचण्या चांगल्या चालतात. संगणकी मॉडेल्सही सुधारत आहेत. पण दोन वर्षांच्या चाचणीची जागा पूर्णपणे घेईल असं काही अजून हाती नाही. मात्र एक गोष्ट आजच स्वस्तात कळू शकते: रसायन निसर्गात विघटित होतं का आणि शरीरात साठतं का. जे विघटित होत नाही आणि साठतं, त्याच्याबाबत विषारीपणाचा शेवटचा पुरावा येईपर्यंत थांबणं म्हणजे पार्कर्सबर्गची पुनरावृत्ती.

लोट्याच्या लोकांनी काय मागावं?

सगळ्यात आधी पाण्याची आजची नोंद. विहिरी, बोअरवेल, नाले आणि वाशिष्ठीच्या खाडीतल्या पाण्यात पीफास आज किती आहे, हे स्वतंत्र प्रयोगशाळेकडून मोजून जाहीर व्हावं, आणि नंतर दरवर्षी. पुढे वाद झालाच तर 'आधीपासूनच होतं' आणि 'तुमच्यामुळे आलं' यातलं खरं काय, ते याच कागदावरून ठरेल. मिटेनीच्या परिसरात मोजमाप झालं ते पाणी दूषित झाल्यानंतर.

दुसरी मागणी, कारखान्यात कोणती रसायनं बनतात त्यांची नावं आणि त्यांच्या दीर्घकालीन चाचण्यांचे निकाल. चाचणी झाली असेल तर दाखवायला हरकत नसावी. झाली नसेल, तर ती गावकऱ्यांवर चालू आहे.